शिशूच्या वाटीतील भाजी : एका अन्नप्रकाराचा व त्याच्या नावांचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

आईच्या दुधावर वाढणाऱ्या मुलाला सहा महिन्यांच्या सुमारास शिजवून घोटलेले गाजर, भोपळा, वाटाणा किंवा पालक भरवावयाचा, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की, तिला काही इतिहास असेल अशी शंकादेखील सहसा कोणाला येत नाही. घरी केलेले ते जुने व नैसर्गिक, आणि डब्यातून किंवा बाटलीतून आलेले ते नवे व कृत्रिम, अशी एक विभागणी या विषयाभोवती रूढ झाली आहे. ग्रंथांची व शब्दांची साक्ष मात्र वेगळी आहे. शिशूच्या पहिल्या अन्नात धान्याचे स्थान प्राचीन आहे. भाजीचे स्थान अर्वाचीन आहे. स्थूलमानाने १९०० ते १९४० या चाळीस वर्षांत भाजी शिशूच्या वाटीत स्थिर झाली, आणि ती आली ती परंपरेच्या बोटाला धरून नव्हे, तर एका रोगाच्या भयाने व नव्याने उदयास येत असलेल्या पोषणशास्त्राच्या सांगण्यावरून. घरातील चाळणी आणि कारखान्यातील डबा यांच्यामधील अंतरही शतकांचे नसून अवघ्या काही वर्षांचे आहे.

हा केवळ पाकशास्त्रातील कुतूहलाचा विषय नव्हे. आईचे दूध पुरेनासे होते आणि घरातील अन्न अजून पचनी पडत नाही, हा जो मधला काळ, तोच जगभर बालकांच्या कुपोषणाचा काळ ठरला आहे. त्या काळात मुलाला काय द्यावे, केव्हा द्यावे आणि ते दुधाच्या ऐवजी द्यावे की दुधासह, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या दीड शतकात अनेकदा बदलली. या बदलांमागे जशी वैद्यकीय संशोधने होती तशी बाजारपेठही होती. आणि काही प्रमाणात भाषाही होती. प्रस्तुत निबंधात या तिन्हींचा क्रमाने विचार केला आहे.

२. शब्दांची साक्ष

इंग्रजीतील ‘वीन’ या क्रियापदाचे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘वेनियन’ या धातूत आहे, आणि त्याचा अर्थ ‘सवय लावणे’ असा होतो. जर्मन भाषेत याच कुळातील ‘गेव्योनेन’ म्हणजे सवय लावणे, तर ‘एन्टव्योनेन’ म्हणजे सवय मोडणे. आणि मुलाला दुधापासून दूर करण्यासाठी जर्मन भाषा दुसरा शब्द वापरते. फ्रेंचमधील ‘सेव्रे’ हे क्रियापद लॅटिन ‘सेपारारे’, म्हणजे वेगळे करणे, यापासून आलेले आहे. एकाच घटनेकडे पाहण्याच्या या तीन दृष्टी होत : नव्याची सवय लावणे, जुन्याची सवय मोडणे आणि मूल व माता यांना एकमेकांपासून वेगळे करणे.

मराठीची व्यवस्था याहून निराळी आहे. मराठीत आरंभाला एक नाव आहे व अंताला दुसरे. आरंभाला ‘उष्टावण’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘उष्टे’, म्हणजे संस्कृत ‘उच्छिष्ट’, हा शब्द आहे. मुलाचे तोंड अन्नाने प्रथम उष्टे होते तो हा विधी. मुलाला मामाच्या मांडीवर बसवून खिरीचा पहिला घास भरविण्याची रीत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. अंताला मात्र ‘अंगावरचे दूध तोडणे’ किंवा ‘सोडविणे’ असे म्हणतात, आणि ‘तोडणे’ या क्रियापदात जो एक आकस्मिकपणा आहे तो स्तनाला कडू पदार्थ लावून मुलाला परावृत्त करण्याच्या जुन्या रीतीतही दिसतो. उष्टावण व दूध तोडणे या दोहोंमध्ये एक वर्षाचे, दीड वर्षाचे, क्वचित त्याहूनही अधिक अंतर असते. इंग्रजी शब्द हे दोन्ही अर्थ एकाच पदरात घेतो. परिणामी ‘चौथ्या महिन्यात वीनिंग’ या शब्दप्रयोगातून चौथ्या महिन्यात अन्न सुरू करावे असा बोध घ्यावयाचा की दूध बंद करावे असा, हे केवळ संदर्भावरूनच ठरवावे लागते.

पहिल्या अन्नाची नावेही बोलकी आहेत. बंगालीत या संस्काराला ‘मुखे भात’ म्हणतात आणि मलयाळममध्ये ‘चोरूण्’. दोन्हींत शिजलेला भात आहे. मराठीत लहान मुलांच्या व आजाऱ्यांच्या अन्नाची नावे पाहिली तर पेज, निवळ, आटवल, खिमट, गुरगुट्या भात, मऊ भात, वरणाचे पाणी, मुगाचे कढण अशी धान्य-कडधान्यांचीच मालिका समोर येते. पालेभाजी शिजवून, डाळीबरोबर घोटून केलेले ‘गरगट’ मराठी स्वयंपाकघराला परिचित आहे. परंतु ते सगळ्या कुटुंबाचे कालवण आहे, शिशूचे खास अन्न नव्हे. भाजीच्या पातळ लगद्याला आज सुशिक्षित मराठी बोलीत ‘प्युरी’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीमार्गे फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी शुद्ध करणे, गाळून घेणे हा अर्थ आहे. ज्या वस्तूला भाषेत घरचे नाव नाही ती वस्तू घरात नव्हतीच, असा निष्कर्ष केवळ शब्दावरून काढणे धाडसाचे ठरेल. तथापि येथे शब्दांची साक्ष व ग्रंथांची साक्ष एकमेकींशी जुळते.

३. प्राचीन विधान व भाजीचा अभाव

अन्नप्राशनाचा काळ म्हणून सहावा महिना अनेक प्राचीन ग्रंथांनी सांगितला आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात व मनुस्मृतीत हेच विधान आढळते. आश्वलायनाने फलभेदानुसार बोकडाचे मांस, तित्तिर पक्ष्याचे मांस व तुपासह भात असे पर्याय दिले असून दही, मध व तूप मिसळलेले अन्न भरविण्यास सांगितले आहे. (यांतील मधाविषयी आजचे वैद्यकशास्त्र एक वर्षापर्यंत निषेध सांगते, कारण मधातून येणाऱ्या जंतुबीजांमुळे शिशूंना बोट्युलिझम हा रोग होऊ शकतो, हे १९७६ नंतर स्पष्ट झाले.) सुश्रुताने सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे एवढेच म्हटले आहे. वाग्भटाने दात आल्यावर मुलाला क्रमाक्रमाने स्तनापासून दूर करावे असे सांगून, स्तन्य सुटलेल्या मुलासाठी चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या व खडीसाखर यांच्या मोदकाचे विधान केले आहे. अशा मुलाला त्याने योजलेला ‘अपस्तन’ हा शब्द नेमका आहे, आणि ‘क्रमाक्रमाने’ हा त्याच्या विधानातील निर्देश त्याहून महत्त्वाचा आहे.

या परंपरेत काश्यपसंहितेचे स्थान वेगळे आहे. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून, राजगुरू हेमराज शर्मा यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह, ही संहिता १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध झाली. तीत सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दहाव्या महिन्यात अन्नप्राशन असे दोन टप्पे सांगितले आहेत. धान्याच्या आधी फळ, हा क्रम आधुनिक वाचकाला चकित करणारा आहे. मात्र तेथेही फळ आहे, शाक नाही.

शाकाच्या या अनुपस्थितीला दोन कारणे संभवतात. पहिले वैद्यकीय. भावप्रकाशासारख्या ग्रंथांतून पालेभाज्यांकडे एकंदरीने संशयाने पाहिलेले दिसते. त्या जड, मलवर्धक व रोगकारक मानल्या जात. ज्या अन्नाविषयी प्रौढालाच सावध केले जात होते ते शिशूच्या मुखी जाणे संभवत नव्हते. दुसरे कारण वनस्पतींच्या इतिहासाचे आहे. आज शिशूंसाठी ज्या भाज्या मुख्यत्वे घोटल्या जातात त्यांपैकी बटाटा, टोमॅटो व लाल भोपळा या अमेरिका खंडातून आलेल्या, म्हणजे सोळाव्या शतकापूर्वी भारतात नसलेल्या वनस्पती होत. ‘बटाटा’ हा मराठी शब्दच पोर्तुगीज संपर्काची खूण आहे.

युरोपातील परिस्थितीही तत्त्वतः निराळी नव्हती. तेथे पीठ किंवा पाव पाण्यात वा दुधात शिजवून केलेला ‘पॅप’ आणि पाव रश्शात भिजवून केलेला ‘पनाडा’ हीच शिशूंची अन्ने होती. ती भरविण्यासाठी नावेच्या आकाराची लहान भांडी वापरीत. फळे व भाज्या शरीरात थंडावा व विकृती उत्पन्न करतात, ही गॅलेनच्या परंपरेतील समजूत दीर्घकाळ टिकून होती. एकोणिसाव्या शतकात तिच्या जोडीला उन्हाळ्यातील अतिसाराची धास्ती आली. विल्यम कॅडोगन या वैद्याने १७४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शिशूंना लवकर व अति भरविण्याच्या प्रथेवर कठोर टीका केली. ती टीका पिठाच्या पॅपवर होती. भाजीचा प्रश्नच उपस्थित झालेला नव्हता.

४. एक रोग व दोन चाळण्या

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिशूचे अन्न प्रथमच कारखान्यात तयार होऊ लागले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग याने १८६५ मध्ये गव्हाचे पीठ, माल्टचे पीठ व पोटॅशियम बायकार्बोनेट यांचे, गाईच्या दुधात शिजवावयाचे शिशु-अन्न मांडले. स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे हेन्री नेस्ले याने १८६७ मध्ये दूध व पीठ यांचे चूर्ण विक्रीस आणले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : पहिले कारखानी शिशु-अन्न म्हणजे जुन्या पॅपचेच सुधारलेले रूप होते. भाजी त्यातही नव्हती.

या अन्नांचा प्रसार, आणि दूध उकळून निर्जंतुक करण्याची नवी पद्धत, यांच्या पाठोपाठ सुखवस्तू घरांतील मुलांमध्ये एक विचित्र आजार दिसू लागला. हिरड्या सुजत, हाडांच्या आवरणाखाली रक्तस्राव होई आणि मूल स्पर्शानेही किंचाळत असे. लंडनमधील टॉमस बार्लो याने १८८३ मध्ये हा आजार म्हणजे स्कर्व्हीच होय असे दाखवून दिले. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १८९८ मध्ये केलेल्या सामूहिक पाहणीत अशा ३७९ रोग्यांची नोंद आहे. गरिबाच्या घरी आईच्या दुधावर वाढणारे मूल यातून सुटत होते, आणि महागडे चूर्ण खाणारे मूल त्याला बळी पडत होते.

भाजीला शिशूच्या वाटीत प्रथम प्रवेश मिळाला तो मात्र थोड्या वेगळ्या वाटेने. जर्मन भाषिक बालवैद्य एर्न्स्ट मोरो याने १९०८ मध्ये अतिसाराने क्षीण झालेल्या शिशूंसाठी गाजराच्या साराचा उपचार प्रसिद्ध केला. कृती साधी होती. सुमारे अर्धा किलो गाजरे एक लिटर पाण्यात तासभर किंवा अधिक वेळ शिजवावयाची, बारीक चाळणीतून दाबून काढावयाची, आटलेल्या पाण्याची भरपाई करून पुन्हा एक लिटर करावयाचे आणि त्यात सुमारे तीन ग्रॅम मीठ घालावयाचे. शिजविलेले पाणी फेकून न देता त्यातच गर मिसळावयाचा, हा या कृतीचा मर्मभाग होय. पाणी व क्षार यांची हानी त्यामुळे भरून निघे. दीर्घकाळ शिजण्याने गाजरातील पेक्टिनाचे विघटन होऊन जी लघुशर्करा-द्रव्ये तयार होतात ती जंतूंना आतड्याच्या आवरणास चिकटू देत नसावीत, अशी उपपत्ती पुढे मांडली गेली. आधी भीतीने वर्ज्य ठरलेली भाजी येथे अतिसारावरच औषध म्हणून आली, हा इतिहासाचा एक उलटा न्याय होय.

दुसरी वाट जीवनसत्त्वांची. कासिमीर फुंक याने १९१२ मध्ये ‘व्हिटामिन’ ही संज्ञा प्रचारात आणली. एल्मर मॅकॉलम याने १९१८ च्या आपल्या ग्रंथात दूध व पालेभाज्या यांना ‘संरक्षक अन्ने’ म्हटले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील आल्फ्रेड हेस व त्याचा सहकारी उंगर यांनी डबाबंद टोमॅटोचा रस शिशूंची स्कर्व्ही टाळण्यास उपयोगी पडतो, असे प्रतिपादन केले. संत्रे महाग होते. टोमॅटोचा डबा स्वस्त होता. या दशकानंतर भाजी ही शंकेची वस्तू राहिली नाही. तिला वैद्यकाचे अभय मिळाले, आणि लवकरच ते अभय आग्रहात बदलले.

५. चाळणीपासून डब्यापर्यंत

वैद्याचा आग्रह स्वयंपाकघरात पोहोचला तेव्हा त्याचा अर्थ रोजचे कष्ट असा झाला. वाटाणे मऊ होईपर्यंत शिजवावयाचे, केसांसारख्या बारीक तारांच्या चाळणीवर घ्यावयाचे, लाकडी चमच्याच्या पाठीने घासून गर खाली उतरवावयाचा, टरफले वर राहू द्यावयाची आणि मग प्रत्येक छिद्रात अडकलेला चोथा काढून चाळणी धुवावयाची. टरफलांचे तंतू शिशूच्या आतड्याला त्रास देतात, अशी त्या काळची समजूत असल्याने गाळण्यावर विशेष भर होता. एवढ्या खटाटोपातून मुलाच्या पोटी चार चमचे जात, आणि हे दिवसातून एकदा तरी करावे लागे.

या कष्टांतच उद्योगाचा जन्म झाला. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे हॅरॉल्ड क्लॅप याने १९२१ मध्ये आपल्या मुलासाठी केलेल्या, गाळलेल्या भाज्या व मांसरस यांच्या सूपाला विक्रीचे रूप दिले. मिशिगनमधील फ्रीमाँट येथे भाज्या-फळे डबाबंद करणाऱ्या गर्बर कुटुंबाच्या कंपनीने १९२८ मध्ये गाळलेले वाटाणे, गाजर, पालक, आलुबुखार व भाज्या-मांसाचे सूप असे पाच प्रकार बाजारात आणले. डॉरोथी गर्बर ही आपल्या मुलीसाठी हाताने वाटाणे गाळीत असताना, हे काम कारखान्यात का होऊ नये, असा प्रश्न तिने पतीला केला, अशी कथा कंपनीने स्वतःच्या आरंभाविषयी सांगितली आहे. कथेतील तपशील कसेही असोत, तिच्यातून एक सत्य निश्चित दिसते : डब्याचा आरंभ चाळणीच्या विरोधात नसून चाळणीच्याच सातत्यातून झाला. १९३० नंतरच्या काही वर्षांत अन्य मोठ्या कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या.

डबा आल्यावर जो बदल झाला तो मुख्यतः वयाचा होता. अमेरिकेत १९२० पूर्वी घन अन्न एक वर्षाच्या आत क्वचितच दिले जाई. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अन्नविषयक समितीने १९३७ मध्ये गाळलेली फळे व भाज्या चार ते सहा महिन्यांच्या सुमारास देण्यास अनुकूलता दर्शविली. १९५३ मध्ये फ्लॉरिडातील वॉल्टर सॅकेट या वैद्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धान्य व दहाव्या दिवशी गाळलेली भाजी सुरू करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एक वर्षापासून दहा दिवसांपर्यंत, हा उतार अवघ्या तीस-पस्तीस वर्षांचा आहे. शिशूच्या शरीरात या काळात कोणताही बदल झालेला नव्हता. चमच्यातील घन पदार्थ जिभेने बाहेर ढकलण्याची जी सहजप्रवृत्ती चार-सहा महिन्यांपर्यंत टिकते, ती तशीच होती. बदलली होती ती सुलभता आणि तिच्या जोडीला आलेली स्पर्धा; मूल जितक्या लवकर खाईल तितके ते प्रगत, असे मानण्याकडे आयांचा कल झाला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या पोषण-समितीने १९५८ मध्ये पहिल्या सुमारे तीन महिन्यांत घन अन्नाने विशेष लाभ होतो असे दिसत नाही, असा अभिप्राय दिला. पण रूढी तोवर घट्ट झाली होती.

याच काळातील एका वेगळ्या प्रयोगाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. क्लारा डेव्हिस या स्त्री-वैद्याने १९२६ मध्ये क्लीव्हलंड येथे नुकत्याच दूध सुटलेल्या शिशूंवर प्रयोग आरंभिला व १९२८ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे शिकागोत हा प्रयोग वाढवून एकूण पंधरा मुलांपर्यंत नेला. तिने मुलांपुढे तीसहून अधिक साधे, मीठ-साखर न घातलेले पदार्थ ठेवले. त्यांत कोबी, पालक, फुलकोबी, वाटाणे, बीट, गाजर, सलगम अशा भाज्या होत्या. परिचारिकांनी भरविण्याचा आग्रह करावयाचा नाही व कोणताही पदार्थ सुचवावयाचा नाही, असा नियम होता. मुलांची निवड दरदिवशी विचित्र वाटे, परंतु एकंदरीत ती सुदृढ वाढली. डेव्हिसने स्वतः यावरून ‘मुलाला सर्व कळते’ असा निष्कर्ष काढला नाही. समोर ठेवलेले सर्वच पदार्थ सकस होते, ही या प्रयोगातील खरी युक्ती होय, असे तिने १९३९ मध्ये स्पष्ट केले. काय द्यावे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खावे हे मुलाने ठरवावे, हे तत्त्व त्यातून निष्पन्न झाले. डब्याच्या व बळेच भरविण्याच्या त्या युगात ते बरेचसे दुर्लक्षित राहिले.

६. घराकडे परतणे

डब्यातील अन्न मुलाच्या जिभेसाठी होते, पण ते चाखून पाहणारी जीभ आईची होती. म्हणून त्यात मीठ, साखर व मोनोसोडियम ग्लुटामेट पडू लागले. १९६९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या पार्श्वभूमीवर अमेरिकन उत्पादकांनी ग्लुटामेटचा वापर थांबविला. मिठाचे प्रमाणही १९७० नंतरच्या दशकात कमी झाले. त्याच दशकात विजेवरील मिश्रण-यंत्र घरोघरी पोहोचले, आणि चाळणीचे कष्ट नाहीसे होताच घरी घोटलेल्या भाजीचा पुरस्कार पुन्हा सुरू झाला. या वेळी मात्र तिला ‘पूर्वापार’ असे विशेषण लागले. वास्तविक त्या आयांच्या आज्यांनी आपल्या मुलांना वर्षभर भाजी दिलीही नसेल.

घरगुती म्हणून ती सर्वथा निर्धोक, हेही खरे नव्हे. पालक, बीट, गाजर यांत जमिनीतून आलेले नायट्रेट असते. घोटलेली भाजी उबदार जागी ठेवली की जंतूंच्या क्रियेने त्याचे नायट्राइट बनते, आणि ते रक्तातील हिमोग्लोबिनाला प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ करते. पहिल्या काही महिन्यांत शिशूच्या रक्तात हा बदल उलटविणारे विकर कमी असते; मूल निळसर पडते. १९६० नंतरच्या दशकात जर्मनीत साठवून ठेवलेल्या पालकाच्या लगद्यामुळे अशी प्रकरणे घडल्याचे नोंदले गेले. अमेरिकन अकादमीनेही २००५ मध्ये तीन महिन्यांखालील मुलांना अशा घरगुती भाज्या न देण्याविषयी सूचना केली. ज्या वयात या भाज्यांची गरजच नाही त्याच वयात त्या अधिक घातक, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. ताजी शिजवावी, लगेच भरवावी, उरलेली ठेवावयाची तर तत्काळ थंड करून ठेवावी आणि मुलाच्या उष्ट्या चमच्याने ढवळलेली पुन्हा ठेवूच नये, हे नियम या रसायनातूनच निघतात.

७. भारतीय संदर्भ व ‘वरचे’ अन्न

युरोप-अमेरिकेत प्रश्न जीवनसत्त्वांचा होता. उष्ण कटिबंधातील गरीब देशांत तो त्याहून मूलभूत होता. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे, म्हणजे आजच्या घानात, काम करणाऱ्या सिसिली विल्यम्स या बालवैद्य महिलेने मक्याच्या पेजेवर आलेल्या मुलांतील एका कुपोषणजन्य रोगाचे वर्णन १९३३ मध्ये केले व १९३५ मध्ये त्याचे गा भाषेतील ‘क्वाशिऑर्कोर’ हे नाव वैद्यकविश्वापुढे ठेवले. दुसरे मूल झाल्यामुळे पदच्युत झालेल्या मुलाला होणारा रोग, असा त्या नावाचा अर्थ तिने दिला. पाश्चात्त्य वैद्यकाला जे निदान करावयास १९३३ साल उजाडले ते त्या समाजाने एका शब्दात आधीच साठविले होते. भारतातही हेच चित्र होते. पेज पातळ, ती पोट भरते पण शरीर भरीत नाही.

या पार्श्वभूमीवर केवळ घोटलेल्या भाजीचे मूल्यमापन हिशेबानेच करणे इष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिवारातील २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, आईचे दूध सरासरी प्रमाणात मिळणाऱ्या मुलाला सहा ते आठ महिन्यांच्या वयात दुधाखेरीज दररोज सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० व त्यानंतर दोन वर्षांपर्यंत ५५० किलोकॅलरी मिळावयास हव्यात. उकडलेल्या गाजराच्या शंभर ग्रॅमांत सुमारे ३५ किलोकॅलरी असतात. म्हणजे केवळ गाजरावर २०० किलोकॅलरी मिळवावयाच्या तर अर्धा किलोहून अधिक गाजर लागेल. आठ किलोच्या मुलाचे जठर एका वेळी जेमतेम पाव किलो अन्न सामावते. याउलट मऊ भात व मुगाच्या डाळीत घोटलेला भोपळा वा पालक आणि वर चमचाभर तूप, या वाटीत भाजीची जीवनसत्त्वे, डाळीची प्रथिने व तुपाची ऊर्जा एकत्र येतात. पाच ग्रॅम तूप एकटेच सुमारे ४५ किलोकॅलरी देते, आणि भाजीतील कॅरोटिनाच्या शोषणासही ते आवश्यक असते. पालकातील लोह मात्र, लोकसमजूत काहीही असली तरी, शरीरात फार थोडे शोषले जाते. सहा महिन्यांनंतर जन्मजात लोहसाठा संपत आल्यावर केवळ त्यावर विसंबणे युक्त नव्हे. अर्वाचीन भाजी प्राचीन खिमटात मिसळावी, तिने खिमटाची जागा घेऊ नये, असा या हिशेबाचा अर्थ आहे.

काळाविषयीचा निर्णयही अखेर स्थिरावला. जागतिक आरोग्य परिषदेने २००१ मध्ये पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान व त्यानंतर इतर अन्न, दोन वर्षे वा अधिक काळ स्तनपान चालू ठेवून, हे धोरण स्वीकारले. भारतीय कायद्यात हे स्थित्यंतर एका शब्दबदलात टिपलेले आहे. शिशु-दुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या व शिशु-अन्ने यांविषयीच्या १९९२ च्या कायद्यात ‘शिशु-अन्न’ याची व्याख्या चार महिन्यांनंतरच्या वयाशी निगडित होती. २००३ च्या दुरुस्तीने तेथे सहा महिने आले. सहस्रकापूर्वीच्या सूत्रकारांनी सांगितलेला महिना कायद्याने स्वीकारला असे यावरून म्हणता येईल. परंतु दोहोंची कारणपरंपरा स्वतंत्र आहे, आणि एकीच्या आधारे दुसरीला प्रामाण्य देण्याचे कारण नाही.

याच काळात आंतरराष्ट्रीय परिभाषेतून ‘वीनिंग’ हा शब्द मागे पडला. त्यातून दूध बंद करण्याचा अर्थ निघतो व आया अन्न सुरू होताच दूध तोडतात, ही अडचण लक्षात आल्याने त्याजागी दुधाला पूर्णता देणारे अन्न या अर्थाची संज्ञा आली. मराठी शासकीय परिभाषेत तिच्यासाठी ‘पूरक आहार’ हा शब्द योजला जातो. पण १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडीत मिळणाऱ्या अन्नालाही मराठीत ‘पूरक पोषण आहार’च म्हणतात. एक अन्न आईच्या दुधाला पूरक, तर दुसरे घरच्या जेवणाला पूरक. दोन भिन्न संकल्पना एकाच विशेषणाखाली आल्या. घरी भरवावयाची वाटी व अंगणवाडीतून यावयाचे पाकीट यांची जबाबदारी त्यामुळे एकमेकांत मिसळण्याचा धोका संभवतो.

वस्तुतः मराठी बोलीत याला एक घरगुती शब्द होता व आहे. आईच्या दुधाखेरीज मुलाला जे दिले जाते त्याला बायका ‘वरचे’ म्हणतात : वरचे दूध, वरचे अन्न. या ‘वरचे’मध्ये तोडणे नाही, वेगळे करणे नाही, ऐवजी देणेही नाही. जे आहे ते तसेच राहू देऊन त्यावर आणखी देणे, एवढाच अर्थ त्यात आहे. आंतरराष्ट्रीय समित्यांनी दीर्घ विचारान्ती ज्या कल्पनेसाठी नवी संज्ञा घडविली ती या शब्दात आधीपासून उभी होती.

८. निष्कर्ष

शिशूच्या वाटीतील घोटलेली भाजी ही प्राचीन नव्हे. ती गाजराच्या औषधी सारापासून, स्कर्व्हीच्या भयापासून व जीवनसत्त्वांच्या शोधापासून आली. चाळणीने घरात रुजली, डब्याने प्रसृत झाली आणि विद्युत्-यंत्राने पुन्हा घरी परतली. तिचे श्रेष्ठत्व सिद्ध करण्यासाठी तिला खोटे प्राचीनत्व देण्याचे प्रयोजन नाही, आणि ती पाश्चात्त्य म्हणून त्याज्य ठरविण्याचेही नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ११ टक्के आहे. उरलेल्या मुलांच्या दृष्टीने भाजी घरी घोटलेली की कारखान्यात, हा वाद गौण आहे. त्यांच्या वाटीत पेजेच्या जोडीला डाळ, भाजी व तुपाचा थेंब पडतो की नाही, आणि तो पडत असताना आईचे दूध चालू राहते की नाही, हाच प्रश्न मुख्य होय.